पेन्शनींत निघालेल्या रायफली

माणूस सरकारी चाकरींतून मोकळा झाला म्हणजे त्याला पेन्शन मिळतें, गळ्यांत हार पडतो आणि गांवीं परत जाऊन तो नातवंडांना गोष्टी सांगूं लागतो. सैनिकाच्या खांद्यावरची रायफल चाकरींतून मोकळी झाली म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक तिचें आयुष्य पुष्कळदां तिच्या सैनिकापेक्षां मोठें असतें. १९१६ सालीं कारखान्यांतून बाहेर पडलेली एखादी रायफल पहिलें महायुद्ध पाहते, सरहद्दीच्या ठाण्यांत दिवस काढते, दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां हजेरी लावते, पुढें एखाद्या पोलीस चौकींत भिंतीला टेकून उभी राहते, आणि अखेरीस भट्टींत वितळते किंवा एखाद्या परदेशी शौकिनाच्या दिवाणखान्यांत जाऊन बसते. श्रोतेहो, या निवृत्त शस्त्रांचे स्वभाव, त्यांच्या खोडी, त्यांच्याविषयीं वाटणारें आकर्षण, आणि गोंदियासारख्या रानानें वेढलेल्या जिल्ह्यांत बंदुकीचा प्रश्न कोणत्या रूपानें उभा राहतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ हें नांव न ऐकलेला मनुष्य विरळा. ज्यांना बंदुकींतलें कांहींच कळत नाहीं त्यांनाहि हें नांव ठाऊक असतें. कारण पोलीस शिपायाच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली लांब, लांकडी दस्त्याची रायफल ती हीच. तिच्या नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारें पावणेआठ मिलिमीटर. तिचें पाळण्यांतलें नांव ‘ली-एनफील्ड’. बोल्ट आणि काडतुसांची पेटी यांची रचना जेम्स पॅरिस ली या संशोधकाची, आणि एनफील्ड हें लंडनजवळचें सरकारी शस्त्र-कारखान्याचें ठिकाण. १८९५ सालीं हें जोडनांव रूढ झालें. १९०३ सालीं पायदळ व घोडदळ या दोघांनाहि चालेल अशी आंखूड आवृत्ति निघाली, आणि १९०७ सालीं तिचा तिसरा व अत्यंत प्रसिद्ध नमुना ठरला. बंगालमधील इच्छापूर येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं उभारलेल्या कारखान्यांत हाच नमुना तयार होऊं लागला. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें नवा नमुना स्वीकारला तरी इच्छापूरनें जुनाच चालू ठेवला, आणि स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें तोच तेथें घडत राहिला. मातृगृहीं विसरलेली रीत सासरीं जपली जावी, तसेंच हें झालें.

या रायफलीचें वजन सुमारें चार किलो, लांबी एकशें तेरा सेंटिमीटरांच्या आसपास, आणि पेटींत दहा काडतुसें. त्या काळीं इतर देशांच्या रायफलींत बहुधा पांच काडतुसें मावत, म्हणून ही दुप्पट भूक तिचें मोठें वैशिष्ट्य ठरली. शिकवलेला शिपाई मिनिटांत पंधरा नेमके बार काढी. १९१४ सालीं मॉन्सच्या लढाईंत इंग्रज पायदळाचा हा मारा पाहून जर्मनांना समोर यांत्रिक तोफा आहेत असें वाटलें, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकांत तिखटमीठ असतेंच. परंतु बोल्ट झरझर फिरत असे, एवढें खरें.

आतां तिच्या खोडींकडे वळूं. पहिली खोडी बोल्टाची. जर्मन माउझरचा बोल्ट उघडतांनाच आंतली स्प्रिंग ताणली जाते. ली-एनफील्डमध्यें मात्र ती बोल्ट मिटतांना ताणते. माउझरची संवय असलेल्या माणसाला शेवटच्या बोटभर अंतरांत एकाएकीं विरोध जाणवतो, आणि बंदूक बिघडली कीं काय अशी शंका येते. ती बिघडलेली नसते. तिची रीतच तशी. दुसरी खोडी जोडीदाराची. प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीशीं जुळवून बसविलेला असतो आणि दोघांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. शस्त्रागारांत साफसफाई करतांना दोन बोल्टांची अदलाबदल झाली, तर काडतुसाच्या बुडाशीं राहणारी फट कमीजास्त होते. ती फार वाढली तर काडतूस फाटून तप्त वायु मागें, म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याकडे, येण्याचा धोका असतो. म्हणून जाणता मनुष्य जुनी रायफल हातीं घेतली कीं आधीं नळी पाहत नाहीं, दोन्ही क्रमांक जुळतात कीं नाहीं तें पाहतो.

तिसरी खोडी लांकडाची, आणि ती आपल्या पावसाळी मुलखांत विशेष कळते. या रायफलीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लांकडी आच्छादनांत बसलेली असते. ओल धरली कीं लांकूड फुगतें, नळीवर एका बाजूनें दाब देतें, आणि कालपर्यंत मध्यावर बसणारी गोळी आज वीतभर दूर जाते. उन्हाळ्यांत तेंच लांकूड आटतें आणि नेम पुन्हां पालटतो. दोष नेमबाजाचा नव्हे, पोलादाचाहि नव्हे, दोष ऋतूचा. म्हणून दस्त्याला जवसाचें तेल पाजणें हें जुन्या पलटणींत नित्यकर्म असे. इच्छापूरच्या कारागिरांनीं तर पेटीच्या पुढें लांकडांतून आडवा स्क्रू घालून तें फाटूं नये अशी तजवीज केली. पुढें परदेशांतील संग्राहक याच एका स्क्रूवरून ‘ही हिंदुस्थानांतून आलेली’ असें दुरूनच ओळखूं लागले.

चौथी गोष्ट साफसफाईची. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला म्हणजे त्याचा क्षार नळींत राही, आणि तो मिठासारखाच हवेंतील ओल ओढून घेई. तेल लावून हा क्षार जात नाहीं. तो पाण्यांतच विरघळतो. यास्तव शिपाई रायफल झाडल्यावर नळींतून उकळतें पाणी ओती, मग पितळी वजन बांधलेल्या दोरीनें कापडाची चिंधी आरपार ओढी, आणि शेवटीं तेलाचा हात फिरवी. ही दोरी व तेलाची लहानशी कुपी दस्त्याच्या बुडांतल्या पितळी झांकणाआड ठेवलेली असे. पोलादांत पाणी ओतणें नवशिक्याला वेडेपणाचें वाटतें. पण ज्यानें तें टाळलें त्याची नळी एका रात्रींत तांबारते. यंत्रांची काळजी घेतांना वरवरच्या समजुतीपेक्षां कारण जाणणें किती महत्त्वाचें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

आणि मग तीं अक्षरें. बोल्टाच्या मागील बाजूस, दस्त्याच्या मुळाशीं, पोलादावर राजमुकुट, राजाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव आणि साल हीं कोरलेलीं असतात. इच्छापूरच्या जुन्या रायफलींवर मुकुट दिसतो. प्रजासत्ताकाच्या काळांतल्यांवर त्याच जागीं अशोकाचे सिंह आले. यंत्रें तींच, कारागीर तेच, रायफलीचा नमुना तोच. फक्त ठसा पालटला. राज्यक्रांतीचा इतका संक्षिप्त इतिहास क्वचितच एका बोटाएवढ्या जागेंत लिहिला गेला असेल. याउलट खैबर खिंडीकडील दर्रा आदमखेलच्या लोहारांनीं हातानें घडविलेल्या नकलांत ही इंग्रजी अक्षरें उलटीं किंवा चुकीचीं कोरलेलीं आढळतात. पाहणाऱ्याला त्यांचें कौतुक वाटतें. परंतु अशा नकलेंतलें पोलाद कोणत्या प्रतीचें आहे तें कोणीच सांगूं शकत नाहीं, म्हणून ती भिंतीवरच बरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील राष्ट्रांच्या कोठारांत अशा लक्षावधि रायफली पडून राहिल्या. सैन्यांना स्वयंचलित शस्त्रें हवीं होतीं. जुन्या मालाला गिऱ्हाईक अमेरिकेंत मिळालें. जाड ग्रीसमध्यें बुडवलेल्या इंग्रजी, इटालियन, जर्मन आणि पुढें रशियन रायफली तेथें अल्प किंमतीस विकल्या जात. तें ग्रीस उन्हांत ठेवून, गरम पाण्यानें धुवून, दिवसेंदिवस पुसून काढणें हाच कित्येकांचा रविवारचा उद्योग झाला. लांकडांत मुरलेलें ग्रीस उन्हाळ्यांत पुन्हां पाझरतें, तेव्हां घरची मंडळी किती कुरकुरत असतील त्याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. कांहींनीं या रायफली शिकारीसाठीं कापून-छाटून हलक्या केल्या. आज तेच संग्राहक मूळ लांकूड शोधीत हिंडतात, कारण जशीच्या तशी राहिलेली रायफल आतां दुर्मिळ झाली आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ मुलखांत गस्त घालणाऱ्या रेंजर दलानें तर ली-एनफील्डच विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें सुमारें सत्तर वर्षें वापरली. २०१८ च्या सुमारास तिची जागा नवीन रायफलीनें घेतली. कडाक्याच्या थंडींत साधें यंत्र दगा देत नाहीं, हें त्याचें कारण.

परंतु या स्वस्ताईची काळी बाजूहि आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अध्यक्ष केनेडी यांचा ज्या रायफलीनें बळी घेतला, ती इटालियन सैन्याची जुनी कार्कानो रायफल होती. शिकागोच्या एका दुकानांतून ती टपालानें, खोट्या नांवानें, दुर्बिणीसह वीस डॉलरांच्या आंत मागविण्यांत आली होती. १९६८ सालीं अमेरिकेनें टपालानें बंदुका विकण्यास बंदी घातली आणि परदेशी लष्करी रायफलींची आयातहि पुढील बरींच वर्षें जवळजवळ थांबली. मौजेची वस्तु आणि मरणाची वस्तु यांत अंतर किती थोडें असतें, हें त्या एका दुपारीं जगाला दिसलें.

आपल्या देशांत हा बाजार कधींच भरला नाहीं. त्याचें मूळ १८५७ त आहे. त्या वर्षाच्या उठावाशीं एनफील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसाचें नांव कायमचें जोडलें गेलें. त्यानंतर देशी पलटणींच्या हातीं गोऱ्यांच्या मानानें एक पायरी मागचें शस्त्र द्यावें असें धोरण राज्यकर्त्यांनीं ठेवलें. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यानें सामान्य प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. लष्करी काडतूस खासगी बंदुकींत चालूं नये म्हणून .३०३ व्यासाची रायफल नागरिकांना निषिद्ध ठरली. १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवरहि हिंदुस्थानांत बंदी आली, कारण त्याच व्यासाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर बंडखोरांच्या हातीं होत्या. तेव्हां इंग्रज बंदूककारांनीं हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठीं .४६५, .४७० असे नवेच व्यास काढले. जगांतील शिकाऱ्यांनीं पुढें नांवाजलेलीं हीं काडतुसें म्हणजे एका सरकारी बंदीचीं अपत्यें होत.

आपल्याकडील शेतकरी व शिकारी यांच्या वांट्यास आली ती .३१५. आठ मिलिमीटर म्हणजेच .३१५ इंच, काडतूस मुळांत ऑस्ट्रियाच्या सैन्याचें, सांगाडा मात्र ली-एनफील्डचा. आधीं इंग्लंडमधील बी. एस. ए. कंपनीनें आणि नंतर इच्छापूरनें ही रायफल बनविली. म्हणजे लष्करी रायफल नागरिकाला मिळत नव्हती. मिळत होती तिची धाकटी बहीण, नळी व नांव बदलून. पोलिसांकरितां आणखी एक युक्ति झाली. .३०३ च्या नळींतल्या पिळदार खांचा कोरून काढून ती गुळगुळीत .४१० व्यासाची करण्यांत आली, पेटींत लांकडी ठोकळा बसवून एका वेळीं एकच काडतूस भरतां येईल अशी व्यवस्था झाली, आणि तिला ‘मस्केट’ म्हणूं लागले. शिपायाच्या हातांतून ती हिसकावली गेली तरी बंडखोराला तिचा फार उपयोग होऊं नये, हा हेतु. वाघाचे दांत काढून त्याला पहाऱ्यावर बसवावें, तसाच हा प्रकार होता.

आतां गोंदियाकडे येऊं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि रानाचा. जुन्या मध्यप्रांतांत मालगुजारी होती तेव्हां मालगुजाराच्या वाड्यांत भिंतीवर बंदूक असणें प्रतिष्ठेचें लक्षण मानीत. १९५१ सालीं मालगुजारी गेली. १९७० सालीं नागझिरा अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें पर्व संपविलें. १९७५ सालीं नवेगांव राष्ट्रीय उद्यान झालें. आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. भिंतीवरची बंदूक राहिली, पण तिचें काम गेलें.

मात्र सर्वांचेंच काम गेलें नाहीं. देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी, अर्जुनी-मोरगांव या भागांत धान लोंबीस आलें कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत बांधीच्या बांधी उलथून टाकतो. शेतकरी मचाणावर जागल करतो, डबे वाजवतो, शेकोटी पेटवतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक याच जागलीसाठीं असे, आणि तिचा खरा उपयोग मारण्यापेक्षां आवाजाचा होता. भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरावयाची बंदूक, हिचा एक बार रात्रभर पुरे. आज रानडुकरावर गोळी झाडावयाची तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेंच योग्य. पण बंदुकीचा धाक कमी झाला तेथें कांहीं लोकांनीं शेताभोंवतीं चोरून विजेची जिवंत तार लावण्याचा मार्ग पत्करला. बंदूक धरणारा निदान समोर कोण आहे तें पाहतो. तार कांहींच पाहत नाहीं. विदर्भांत अशा तारांनीं वाघ गेले आहेत, गुरें गेलीं आहेत आणि माणसेंहि गेलीं आहेत. नागझिऱ्यांत वाढलेल्या ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा छावा ‘श्रीनिवास’ २०१७ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत अशाच तारेला बळी पडला. जुनी बंदूक परत आणावी असा याचा अर्थ नव्हे; पिकाचें रक्षण कसें होणार याचें उत्तर शेतकऱ्याला मिळाल्यावांचून नुसतें शस्त्र काढून घेऊन प्रश्न मिटत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत पोलिसांच्या आवाहनास मान देऊन गांवकऱ्यांनीं आपल्या भरमार बंदुका स्वाधीन केल्या. त्यांच्या विश्वासाची परतफेड कुंपण, वेळेवर पंचनामा आणि वेळेवर भरपाई यांनींच होऊं शकते.

सरकारी रायफलीचेंहि असेंच झालें. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धांत आपले जवान हीच .३०३ घेऊन हिमालयांत लढले आणि तिचा काळ संपल्याचें तेथें कळून आलें. सैन्यांतून ती निघाली, पण पोलिसांत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेल्या हल्लेखोरांसमोर कांहीं शिपाई याच जुन्या रायफली घेऊन उभे होते. त्यांच्या धैर्यांत उणें नव्हतें. उणें होतें तें हत्यारांत. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं २६ जानेवारी २०२० रोजीं, प्रजासत्ताकदिनीं, या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. जुन्या वस्तूवरील प्रेम वेगळें आणि तिच्यावर दुसऱ्याचा जीव विसंबवणें वेगळें. संग्राहकाला शोभणारा जिव्हाळा शासनाला शोभत नाहीं.

घरांत वाडवडिलांची बंदूक असलेल्या कुटुंबांसाठीं शेवटीं दोन शब्द. परवाना वडिलांच्या नांवाचा होता, वडील गेले, बंदूक कपाटांतच राहिली, असें पुष्कळ घरांत घडतें. कायद्याच्या दृष्टीनें तें बेकायदा आहे. परवानेदार गेला किंवा परवान्याची मुदत संपली, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. वारसाला परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात, वारशानें आलेलीहि त्यांतच मोजली जाते, आणि परवान्याची मुदत तीनांवरून पांच वर्षें झाली आहे. दुरुस्त करूनहि झाडतां येणार नाहीं असें कालबाह्य अथवा पुरातन शस्त्र मात्र कायद्याच्या जाचांतून मोकळें आहे. ज्यांना बंदूक ठेवावयाची नाहीं पण भट्टींतहि जाऊं द्यावयाची नाहीं, त्यांनीं संग्रहालयाकडे विचारणा करावी. १८६३ सालीं स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, म्हणजे आपल्या अजब बंगल्यांत, शस्त्रांचें स्वतंत्र दालनच आहे. आणि जुनें काडतूस सांपडलें तर तें कधींहि झाडून पाहूं नये. चाप ओढल्यावर बार उडाला नाहीं म्हणून बोल्ट उघडावा आणि तेवढ्यांत तें उशिरानें पेटावें, असे अपघात अनुभवी माणसांनाहि झालेले आहेत.

खंडेनवमीला आपण शस्त्राला गंध-फूल वाहतों. त्या दिवशीं कोयता, विळा, तराजू, लेखणी आणि पोलीस ठाण्यांतली रायफल यांची एकाच मंत्रानें पूजा होते. पूजेआधीं शस्त्र घांसून पुसून स्वच्छ करावें लागतें, हा त्या विधींतला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. कारण जें वर्षांतून एकदां तरी बाहेर काढून पाहिलें जातें, मोजलें जातें आणि पुन्हां कुलपांत ठेवलें जातें, तें शस्त्र सहसा चुकीच्या हातीं पडत नाहीं. निवृत्त रायफलीला याहून चांगलें पेन्शन दुसरें नाहीं.